द्राक्षबागेची पावती आणि पोलादाचा टीसी

गेल्या ऑक्टोबरात, फळछाटणीच्या धामधुमीत, दिंडोरी तालुक्यातला माझा मेहुणा खते आणि औषधे घेण्यासाठी नाशिकला आला होता आणि परतताना चहापुरता आमच्याकडे थांबला. मी टेबलावर कारखान्यातले कागद पसरून बसलो होतो. त्यांतला एक त्याने सहज उचलला आणि बराच वेळ वाचत राहिला. तो पोलादाच्या एका लॉटचा तपासणी दाखला होता. सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींच्या भाषेत नुसता टीसी. मेहुणा बी.एस्सी. ॲग्री झालेला असल्यामुळे मूलद्रव्यांची चिन्हे त्याला समजावून सांगावी लागत नाहीत. "दाजी, ही तर माझीच यादी आहे," असे म्हणत त्याने खिशातून कृषी सेवा केंद्राची पावती काढून टीसीशेजारी ठेवली. पावतीवर भुरीसाठी गंधक होते, बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, होते, स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खत होते आणि मँगनीज व बोरॉन असलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण होते. टीसीवरही गंधक, तांबे, स्फुरद, मँगनीज आणि बोरॉन यांचे रकाने होते. आपण ज्या वस्तू पैसे मोजून बागेला देतो त्यांच्यासमोर तुम्ही "कमाल इतकेच" असे का लिहिता, आणि मँगनीजसमोर मात्र किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा का, असा त्याचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी मी दिलेले उत्तर माझेच मला पटले नाही, म्हणून आता सवडीने लिहितो आहे.

झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडात साधारण ४ टक्के कार्बन असतो आणि त्याच्या जोडीला खनिजातून व कोकमधून आलेले सिलिकॉन, मँगनीज, स्फुरद आणि गंधक असतात. असे लोखंड ओतकामाला चालते, पण घणाखाली फुटते. त्यात प्राणवायू फुंकून कार्बन आणि सिलिकॉन जाळून कमी करायचे, स्फुरद आणि गंधक मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या स्लॅगमध्ये, ओढून घ्यायचे, आणि मग जे हवे ते मोजून परत घालायचे, असा पोलाद तयार करण्याचा एकूण क्रम आहे. कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास ठेवला की वाकवायला आणि वेल्डिंगला सोपे असे माइल्ड स्टील मिळते, ०.४ च्या आसपास ठेवला की आमच्याकडच्या निम्म्या शाफ्टांना लागणारे ईएन ८ (ईएन ही पोलादाच्या प्रतींची जुनी ब्रिटिश नावे), आणि १ टक्क्यापर्यंत नेऊन सोबत क्रोमियम दिले की बेअरिंगचे ईएन ३१. कार्बनविषयी याहून अधिक लिहीत नाही, कारण त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी विसरत नाही. घोटाळे होतात ते इतरांपायी.

गंधकापासून सुरुवात करतो. वितळलेल्या पोलादात गंधक सुखाने विरघळते, पण पोलाद गोठताना त्याला आत जागा उरत नाही आणि ते लोहाशी संयोग पावून पोलादाच्या स्फटिक-कणांच्या सीमांवर जाऊन बसते. लोह आणि लोह-सल्फाइड यांचे हे मिश्रण ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळते. फोर्जिंगसाठी, म्हणजे तापवून ठोकून आकार देण्यासाठी, आपण बार १,२०० अंशांच्या आसपास तापवतो, म्हणजे बाहेरून घट्ट दिसणाऱ्या त्या लालभडक बारमध्ये प्रत्येक कणाभोवती द्रवाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि हॅमरचा पहिला ठोका बसताच बार चुरमुऱ्यासारखा उकलतो. यावरचा उपाय म्हणजे मँगनीज. गंधकाला लोहापेक्षा मँगनीज अधिक प्रिय असल्यामुळे पुरेसे मँगनीज असेल तर लोह-सल्फाइड होतच नाही, मँगनीज-सल्फाइड होते, आणि ते १,६०० अंशांच्या वर वितळत असल्यामुळे फोर्जिंगच्या तापमानाला घन राहते. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करण्याची आपली पद्धत जाहीर केली तेव्हा तिच्यातून निघणारे पोलाद अनेकदा तापल्यावर फुटत असे. रॉबर्ट मशेटने त्यात स्पीगेलआयझेन नावाचे मँगनीजयुक्त लोखंड घालून प्राणवायू आणि गंधक या दोघांचाही बंदोबस्त केला. मँगनीजसमोर किमान मर्यादा का असते, याचे पहिले कारण हे. ते ताकद वाढवते आणि पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करताना, काठिण्य खोलवर नेते हे खरेच, पण गंधकाला बांधून ठेवणे ही त्याची मूळ नोकरी आहे.

इतके वाचून कोणाला वाटेल की गंधक हा निव्वळ उपद्रव आहे. पण ऑटो लेथवर दिवसाला हजारो नग काढणाऱ्या कारखानदाराला विचारा. तो ईएन १ए मागवतो, आणि त्या प्रतीत गंधक ०.२० ते ०.३० टक्के असावे असे मानकच सांगते. म्हणजे ईएन ८ मध्ये जी कमाल मर्यादा साधारण ०.०५ असते तिच्या चार ते सहा पट, आणि तेही मुद्दाम घातलेले. मँगनीज-सल्फाइडचे मऊ कण कापताना चिप तोडतात आणि टूलच्या धारेवर वंगणासारखे काम करतात, त्यामुळे लांबलचक गुंतवळ होण्याऐवजी बारीक चुरा पडतो, टूल जास्त टिकते आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. काही प्रतींत त्याच कामासाठी शिसेही घालतात.

आता हेच पोलाद चुकीच्या हाती गेले की काय होते, ते मी माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाहिले. ज्या कारखान्यात मी तेव्हा होतो तिथे एक पिन टर्निंग करून ब्रॅकेटला वेल्ड करायची होती. टर्निंगवाल्यांनी आपले काम सोपे व्हावे म्हणून स्टोअरमधून ईएन १ए चे बार उचलले. पिना आरशासारख्या झाल्या, आणि वेल्डिंगनंतर जवळजवळ प्रत्येक सांध्याच्या मधोमध एक सरळ रेघ उमटली. वेल्डरला दोन दिवस बोलणी खावी लागली, इलेक्ट्रोड बदलून झाले, करंट कमी-जास्त करून झाला. शेवटी बाराचे डोके ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहणाऱ्या एका वयस्क टर्नरने सांगितले की हा माल वेल्डिंगचा नव्हेच. वेल्डच्या वितळलेल्या धातूत गंधक पुन्हा मोकळे होते आणि गोठण्याच्या शेवटच्या क्षणी मध्यरेषेवर जमते, हे त्यामागचे रसायन मी नंतर वाचले.

स्फुरदाची गोष्ट मेहुण्याला सर्वांत जास्त आवडली, कारण तिच्यात शेवटी खत आहे. स्फुरद पोलादाला ताकद देते, पण त्याचबरोबर थंडीत ठिसूळ करते. गंधकाचा उपद्रव भट्टीत आणि हॅमरखाली, तर स्फुरदाचा वापराच्या जागी, एखाद्या गार सकाळी. बेसेमरकडून परवाने विकत घेतलेल्या कारखानदारांचे पोलाद फुटू लागले त्यामागे गंधकाइतकेच हेही कारण होते. बेसेमरने स्वतः प्रयोगात वापरलेले लोखंड योगायोगाने कमी स्फुरदाचे होते, इतरांचे तसे नव्हते. त्याच्या भट्टीचे अस्तर सिलिकाचे, म्हणजे आम्लधर्मी असे, आणि स्फुरदाचा ऑक्साइडही आम्लधर्मीच असल्यामुळे मळी त्याला धरून ठेवू शकत नसे. हा गुंता सोडवला सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. दिवसा नोकरी आणि रात्री रसायनशास्त्राचे वर्ग अशी त्याची दिनचर्या होती. वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या आपल्या पर्सी गिलख्रिस्ट या मामेभावाच्या मदतीने त्याने डोलोमाइटचे अस्तर आणि चुन्याची मळी असा अल्कधर्मी मार्ग काढला, आणि १८७९ मध्ये मिडल्सब्रो येथे तो यशस्वी करून दाखवला. स्फुरद चुन्याबरोबर मळीत गेले, युरोपातली स्फुरदाने भरलेली लोहखनिजे एकाएकी कामाची झाली, आणि ती मळी दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाऊ लागली. थॉमस १८८५ मध्ये, पस्तिशीही न गाठता वारला.

थॉमसच्या या धड्याचा आपल्या इकडच्या बाजाराशीही संबंध आहे. जालन्यातल्या आणि इतर ठिकाणच्या विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेले लोखंड) वितळवून पोलाद करतात, आणि त्यांचे अस्तर साधारणतः सिलिकाचे असते. त्यामुळे भट्टीत जेवढे स्फुरद जाते त्यातले बहुतेक तसेच बाहेर येते. अशा ठिकाणी पोलादाची प्रत भट्टीत ठरत नाही, भंगाराच्या आवारात ठरते. पुढे लॅडल फर्नेस, म्हणजे ओतलेले पोलाद शुद्ध करण्याची दुसरी भट्टी, असली तर गंधकाचे काही करता येते, पण स्फुरदासाठी आधीच निवड करावी लागते.

आणि तरीही स्फुरदाला सरसकट शिव्या देण्याआधी दिल्लीतल्या मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे पाहावे. सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या त्या स्तंभात स्फुरद ०.२५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे आज मी जो माल दारातून परत पाठवीन त्याच्या पाचपट. कोळशाच्या लहान भट्टीत, चुना न घालता गाळलेल्या लोखंडात ते तसेच राहून गेले. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्याच्या पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा जो संरक्षक पापुद्रा बनतो त्याचे श्रेय या स्फुरदाला दिले. स्तंभाला हिसके बसत नाहीत, तो फक्त उभा राहतो. म्हणून त्याला ते चालले. गाडीच्या स्टिअरिंगच्या भागाला चालणार नाही.

स्फुरदाचा आणखी एक खोडसाळपणा असा की, ते मर्यादेत असले तरी क्रोमियम आणि निकेल असलेल्या पोलादाला टेम्परिंग (कठीण केल्यावर ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवणे) करताना ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू दिले, तर ते कथील, अँटिमनी अशा सोबत्यांसह कणसीमांवर सरकते आणि कठीण व चिवट व्हायला हवा तो भाग काचेसारखा तुटतो. ईएन २४ या निकेल-क्रोमियम पोलादात थोडेसे मॉलिब्डेनम असते त्यामागे हेही एक कारण आहे. चांगले म्हणून घातलेले निकेल आणि क्रोमियम वाईटाला साथ देतात, आणि तिसऱ्याच चांगल्याला मध्ये पडावे लागते.

आता तांब्याकडे येतो, ज्याने माझे जवळजवळ तीन आठवडे खाल्ले. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ईएन ८ च्या एका लॉटचे फोर्जिंग शॉटब्लास्टिंगनंतर (छर्‍यांच्या मार्‍याने साफ केल्यावर) बाहेर आले, तेव्हा पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारखी बारीक भेगांची जाळी होती. टीसीवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, स्फुरद अशी पाच नावे होती आणि पाचही मर्यादेत होती. मग जे सगळीकडे होते तेच झाले. आधी भट्टीवाल्यावर संशय, मग हॅमरवाल्यावर, मग डायवर, म्हणजे साच्यावर. भट्टीचे तापमान दोनदा तपासले, डाय पॉलिश केला, रात्रपाळीच्या माणसाला खुलासा मागितला. हे सगळे करून झाल्यावर, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते मी केले आणि बाराचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत सगळ्या मूलद्रव्यांच्या तपासणीसाठी पाठवला. स्पेक्ट्रोमध्ये आर्गॉन वायूच्या झोतात तुकड्यावर ठिणगी पाडतात, वाफ झालेले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देते, आणि मिनिटभरात वीसेक आकडे समोर येतात. तांबे ०.४ टक्क्यांच्या पुढे होते आणि त्याच्या जोडीला कथीलही होते.

भंगारात तांबे कुठून येते हे समजायला अंबड लिंक रोडवरच्या भंगाराच्या दुकानांतून एक चक्कर मारलेली पुरते. मोटारींचे आर्मेचर, वायरिंगसकट दाबलेली गाडी, कॉम्प्रेसर. वायंडिंग काढून घेणारा माणूस मेहनती असला तरी पत्र्याच्या गठ्ठ्यात थोडे राहतेच. आणि एकदा ते भट्टीत गेले की बाहेर निघत नाही. प्राणवायू फुंकला की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज हे लोहाच्या आधी जळतात, पण तांबे आणि कथील लोहापेक्षा कमी जळाऊ असल्यामुळे त्यांना जाळायचे तर आधी सगळे लोखंड जाळावे लागेल. म्हणून स्पंज आयर्न किंवा कच्चे लोखंड मिसळून त्यांचे प्रमाण पातळ करणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

भेगा पडण्याची तऱ्हाही याच गुणामुळे आहे. फोर्जिंगच्या भट्टीत बाराच्या पृष्ठभागावरचे लोखंड जळून त्याची खपली होते, तांबे जळत नाही आणि खपलीखाली साठत जाते. बार भट्टीत जितका जास्त वेळ पडून राहील तितकी खपली जाड आणि तांब्याचा साठा मोठा. तांबे १,०८५ अंशांना वितळते, म्हणजे आमच्या तापमानाला ते द्रव असते आणि कणसीमांतून आत झिरपते. कथील त्याला आणखी मदत करते, कारण ते तांब्याची लोखंडात विरघळण्याची क्षमता घटवते. एकूण पोलादात अर्ध्या टक्क्याहून कमी असलेली वस्तू पृष्ठभागावर असा घोळ घालते.

पुरवठादाराला बोलावले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तांबे किती हवे ते तुम्ही कधी लिहिले होते का?" त्याचे बरोबर होते, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. आमच्या परचेस ऑर्डरवर फक्त "ईएन ८" एवढाच शब्द असे.

याच तांब्याला रेल्वेच्या डब्यांच्या पत्र्यासाठी मुद्दाम बोलावतात. कॉर-टेन जातीच्या पोलादात थोडे तांबे, क्रोमियम आणि जरा जास्त स्फुरद असते, आणि त्यावरचा गंज भुगा होऊन न पडता घट्ट चिकटून खालच्या लोखंडाचे रक्षण करतो. तिथे सोबत निकेल घालतात, कारण निकेलमुळे तांबे पोलादात अधिक विरघळते आणि खपलीखाली मोकळे साठत नाही. टीसीवर आमच्या कामापुरता अपराधी ठरलेला माणूस दुसऱ्या कारखान्यात पगारी नोकर असतो, इतकेच.

निकेलचा विषय निघाला म्हणून एक आडवळण घेतो. भांडी बाजारात स्टीलचा डबा घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आमच्या घरीही आहे: चिकटला नाही तर माल अस्सल. ३०४ प्रतीत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि तिला चुंबक चिकटत नाही, हे खरे. पण महाग निकेलऐवजी बरेचसे मँगनीज आणि नत्रवायू वापरून केलेल्या २०० मालिकेच्या पोलादालाही चुंबक चिकटत नाही, आणि भांड्यांत ते पुष्कळ वापरले जाते. ते ३०४ इतके गंजरोधक नसते. खारट-आंबट पदार्थ बराच काळ राहिला की फरक कळतो. उलट चुंबक चिकटणारे ४३० हेही क्रोमियमयुक्त अस्सल स्टेनलेसच आहे. चुंबक रचना सांगतो, प्रत सांगत नाही.

मेहुण्याला बोरॉनविषयी काही सांगावे लागले नाही. फुलोऱ्याआधीची फवारणी कमी पडली तर मणी धरत नाहीत आणि जास्त झाली तर पाने करपतात, हे तो दर हंगामात पाहतो. पोलादातही बोरॉनची पट्टी अशीच अरुंद आहे: ०.०००५ ते ०.००३ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत पाच ते तीस भाग. एवढ्याशा मात्रेने ते कणसीमांवर बसून पोलादाला मऊ रूपात जाण्यापासून थोपवते, त्यामुळे स्वस्त कार्बन-मँगनीज पोलादही पाणी दिल्यावर खोलवर कठीण होते. उच्च ताकदीचे बोल्ट आणि गाड्यांच्या दरवाज्यांमधले खांब त्यापासून करतात. मात्रा ओलांडली की बोराइडचे कण होऊन तेच सीमांना कमकुवत करते. आणि पोलादात मोकळा नत्रवायू असला तर बोरॉन त्याच्याशी जोडले जाऊन निकामी होते, म्हणून आधी टायटेनियम घालून नत्रवायूला गुंतवून ठेवावे लागते. नुसता "बोरॉन ०.००२" हा आकडा वाचून भागत नाही, शेजारी टायटेनियम आणि नत्रवायू किती आहेत ते पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. नवशिके निरीक्षक एकेक रकाना बरोबर-चूक करत जातात. टीसी आडवा वाचायचा असतो, गंधकाबरोबर मँगनीज, तांब्याबरोबर निकेल आणि कथील, बोरॉनबरोबर टायटेनियम.

तांब्याच्या त्या प्रकरणानंतर आमच्या परचेस ऑर्डरवर दोन ओळी वाढल्या: तांबे कमाल ०.२५, कथील कमाल ०.०३, आणि दोन्ही टीसीवर दाखवावेत. पुरवठादाराने दर वाढवून मागितला, खरेदी विभागाने माझ्याकडे रोखून पाहिले, आणि दोन बैठकांनंतर दराचा मधला आकडा ठरला. मेहुण्याने उचललेल्या कागदावर तांब्याचा रकाना होता तो त्यामुळे.

एक नाव मात्र त्या कागदावर कधीच येणार नाही, आणि ते आपणच पोलादात घालतो. कठीण केलेले बोल्ट झिंक प्लेटिंगसाठी आम्लात बुडवले आणि टाकीत विद्युतप्रवाह दिला की सुटणाऱ्या हायड्रोजनचा काही भाग पोलादात शिरतो. हा अणू इतका लहान आहे की लोखंडाच्या अणूंच्या जाळीतून सहज फिरतो आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. बोल्ट तपासणीत पास होतो, पान्याने आवळला तरी टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी हात न लावता डोके तुटून खाली पडलेले असते. बाहेर जॉबवर्कला दिलेल्या एका लॉटमध्ये आम्ही हे अनुभवले. उपाय सोपा आहे: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून काही तास भाजायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो, उशीर झाला तर आत पडलेली सूक्ष्म भेग भाजून भरत नाही. त्या लॉटच्या वेळी ओव्हन भरलेला होता म्हणून माल रात्रभर तसाच पडून होता. तेव्हापासून रूट कार्डवर, म्हणजे मालाबरोबर फिरणाऱ्या कामाच्या कागदावर, एक रकाना वाढवला आहे. त्यात माल टाकीतून काढल्याची आणि ओव्हनमध्ये ठेवल्याची अशा दोन वेळा घड्याळ पाहून लिहाव्या लागतात, आणि दोहोंत चार तासांहून जास्त अंतर पडले की तो लॉट पुढे न जाता माझ्या टेबलावर येतो.